कवडशातला एक कण : जिवंत पेशीत एकाच रेणूचा माग कसा काढायचा

गुऱ्हाळाच्या पत्र्याला कुठेतरी भोक पडलेलं असतं. दुपारी त्यातून कवडसा आत येतो आणि त्या उजेडाच्या दांडीत धुळीचा कण न् कण तरंगताना दिसतो. तीच धूळ बाहेर अंगणात लख्ख उन्हातही असते, पण तिथे दिसत नाही. आत दिसते, कारण मागे काळोख असतो आणि उजेड एका पट्ट्यापुरताच असतो. पेशीतला प्रथिनाचा किंवा डीएनएचा एकच रेणू पाहायची सगळी विद्या या कवडशात आहे. नव्याने सुरुवात करणारे सगळे उजेड वाढवायच्या मागे लागतात, लेझरची ताकद वाढवतात. मीही तेच केलं होतं. काळोख कसा वाढवायचा हे शिकायला मला त्याहून जास्त दिवस लागले, आणि हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

मी हे काम कोल्हापुरात राहून करते. एकेक रेणू टिपणारा मायक्रोस्कोप माझ्याकडे नाही, त्यासाठी पुण्याला जावं लागतं. पण अनुभवाने सांगते, दहापैकी आठ भाग काम मायक्रोस्कोपपर्यंत पोचायच्या आधी आणि नंतर असतं. ते कोल्हापूर, सांगली, कराडच्या कुठल्याही बऱ्या प्रयोगशाळेत होतं. बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी किंवा फिजिक्सच्या एम.एस्सी., पीएच.डी.च्या मुलामुलींनी हे वाचून कामाला लागावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आधी प्रश्न पक्का करा

परीक्षानळीत अब्जावधी रेणू एकदम मोजले की हातात सरासरी येते. निम्मे रेणू डीएनएला घट्ट चिकटलेत आणि निम्मे मोकाट फिरताहेत, की सगळेच अर्धवट चिकटून सुटताहेत, हे सरासरीवरून कळत नाही. एकेक रेणू वेगळा पाहिला तर कळतं. म्हणून प्रश्न असा हवा की ज्याचं उत्तर सरासरीत हरवतं: हे प्रथिन पेशीत कुठे असतं, किती रेणू डीएनएला धरून आहेत, आणि एकदा धरलं की किती वेळ धरून राहतं.

विषय फार जुना नाही. १९८९ मध्ये मोर्नर आणि काडोर यांनी अतिथंड स्फटिकातल्या एका रेणूने शोषलेल्या प्रकाशाची खूण पकडली. १९९५ मध्ये जपानमध्ये यानागिदांच्या गटाने पाण्यात, साध्या तापमानाला, प्रथिनाचे एकेक रेणू चमकताना दाखवले. २००६ मध्ये सनी शे यांच्या गटाने जिवंत जिवाणूत प्रथिनं एकेक करून तयार होताना पाहिली. २०१४ चं रसायनशास्त्राचं नोबेल बेटझिग, हेल आणि मोर्नर यांना मिळालं ते याच वाटेवरच्या कामासाठी.

या लेखात उदाहरण एकच घेते, म्हणजे धागा सुटणार नाही. जिवाणू ई. कोलाय आणि त्यातलं डीएनए पॉलिमरेझ-१. हे प्रथिन डीएनएला पडलेली खिंडारं बुजवतं. ऑक्सफर्डच्या एका गटाने २०१३ मध्ये जिवंत पेशीत त्याचे एकेक रेणू दुरुस्तीला थांबताना पाहिले. एका जागी ते साधारण दोन सेकंद थांबतं. शिकायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही, कारण काय दिसायला हवं हे आधीच ठाऊक असतं. नव्या तंत्रावर नवं प्रथिन घेऊन बसलात तर चूक तंत्राची की प्रथिनाची हे कधीच कळणार नाही.

चार आकडे मनात ठेवा

ई. कोलायची पेशी सुमारे १ मायक्रॉन रुंद आणि २-३ मायक्रॉन लांब असते. एवढ्याशा पेशीत एक रेणू म्हणजे साधारण १ नॅनोमोलर (लिटरमागे मोलचा अब्जावा भाग). पॉलिमरेझ-१ चे पेशीत सुमारे ४०० रेणू असतात. आणि प्रकाशाच्या स्वभावामुळे कितीही लहान ठिपका मायक्रोस्कोपमध्ये २०० ते २५० नॅनोमीटरचा दिसतो.

आता हिशेब करा. एका मायक्रॉनच्या पेशीत पाव मायक्रॉनचे ४०० ठिपके एकदम पेटले तर पेशीभर नुसता उजेडाचा लगदा होणार. एका वेळी पेशीत एकच, फार तर दोन रेणू चमकायला हवेत. ते चमकले की ठिपक्याचा मध्य २०० नॅनोमीटरपेक्षा कितीतरी नेमका काढता येतो. रेणूकडून जितके जास्त प्रकाशकण मिळतील तितका मध्य नेमका, आणि ही सुधारणा प्रकाशकणांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होते. पेशीत २० ते ४० नॅनोमीटर नेमकेपणा मिळाला तर समाधान माना.

पहिली पायरी : प्रथिनाला दिवा लावणं

दोन रस्ते आहेत. एक, जनुकाच्या शेपटीला फ्लुओरेसंट, म्हणजे लेझर पडला की चमकणाऱ्या, प्रथिनाचं जनुक जोडायचं. पीएएमचेरीसारखं प्रथिन घेतलं तर ते सुरुवातीला विझलेलं असतं. ४०५ नॅनोमीटरच्या अगदी मंद जांभळ्या लेझरने एखाददुसराच रेणू जागा होतो, मग ५६१ नॅनोमीटरच्या लेझरने तो चमकतो, थोड्या वेळात कायमचा विझतो, आणि पुढचा जागा होतो. लगद्याचा प्रश्न आपोआप सुटला. दुसरा रस्ता हॅलोटॅगचा: प्रथिनाला ३३ किलोडाल्टन वजनाचा, प्रथिनाचाच एक हुक जोडायचा आणि बाहेरून जेएफ-५४९ सारखा रंग घालायचा, तो त्या हुकात कायमचा अडकतो. हे कृत्रिम रंग फ्लुओरेसंट प्रथिनांपेक्षा कितीतरी जास्त प्रकाशकण देतात. पण रंग पेशीत भलतीकडेही चिकटतो, आणि धुवून धुवून जीव मेटाकुटीला येतो. पहिल्यांदा करत असाल तर पहिला रस्ता धरा.

जोडणी गुणसूत्रावरच, जनुकाच्या मूळ जागी करा. प्लाझ्मिडवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या सुट्या कड्यावर, केली तर रेणूंची संख्या भलतीच वाढते आणि तुम्ही निसर्गात नसलेलं काहीतरी मोजत बसता. मग ही जोडणी झालेला जिवाणू धडधाकट आहे का ते पाहा. मूळ जिवाणूइतक्याच वेगाने वाढतो का? पॉलिमरेझ-१ असेल तर डीएनएला इजा करणारं रसायन, बहुधा मिथाइल मिथेनसल्फोनेट, दिल्यावर मूळ जिवाणूइतकाच तग धरतो का? हे रसायन कर्करोगकारक आहे, हातमोजे आणि फ्यूम हूडशिवाय बाटलीचं बूचही काढू नका. या चाचणीला प्लेटा, इन्क्युबेटर आणि धीर एवढंच लागतं. ती टाळून थेट मायक्रोस्कोपकडे धावलेली मुलं मी पाहिली आहेत. सहा महिन्यांनी कळतं की जोडणीमुळे प्रथिन कामातूनच गेलं होतं.

आणखी एक, कागदपत्रांचं. जनुक बदललेला जिवाणू वापरायचा तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी लागते, दुसऱ्या संस्थेत न्यायचा असेल तर दोन्हीकडची. अर्ज सगळ्यात आधी टाका.

दुसरी पायरी : रिकामी काच

इथे मी जरा रेंगाळणार आहे.

पहिल्यांदा मला ठिपके दिसले तेव्हा पडद्यावर नुसतं चांदणं होतं. एकेक ठिपका स्थिर, मग पटकन विझणारा. मी आनंदाने सरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "रिकामी काच बघितलीस का?" बघितली नव्हती. तशीच पाकिटातली नवी कव्हरस्लिप घेतली, तिच्यावर नुसतं पाणी टाकलं, जिवाणू नाही, रंग नाही, काही नाही. तेच चांदणं. काचेवरची घाण, पाकिटाचा धूळकचरा, कुणाच्या तरी बोटांचं तेल, हे सगळं हिरव्या-पिवळ्या लेझरखाली एकेका रेणूसारखं चमकत होतं, आणि विझतही तसंच होतं. दोन महिन्यांचं काम मी त्या दिवशी बाजूला ठेवलं.

तेव्हापासून काच धुणं हे माझ्यासाठी प्रयोगाचं पहिलं काम. ०.१७ मिलिमीटर जाडीच्या, म्हणजे दीड नंबरच्या कव्हरस्लिप घ्या, चांगले ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळची भिंगं) याच जाडीसाठी बनलेले असतात. काचा उभ्या राहतील असं काचेचं किंवा टेफ्लॉनचं स्टँड हवं, एकमेकींना चिकटल्या तर मधला भाग धुतलाच जात नाही. क्रम असा: ॲसिटोनमध्ये सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी घाण सोडवणारं यंत्र) १५ मिनिटं, उत्तम शुद्ध पाण्याने चार-पाचदा खळबळून, १ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये सोनिकेटरमध्ये २० ते ३० मिनिटं, पुन्हा पाण्याने भरपूर, आणि शेवटी नायट्रोजनच्या झोताने कोरडं. पाणी बाटलीत साठवलेलं नको, त्याच दिवशी यंत्रातून काढलेलं हवं. साठवलेल्या पाण्यात दोन दिवसांत जिवाणू वाढतात आणि तेही चमकतात.

याहून सोपा उपाय म्हणजे मफल फर्नेस. ती कुठल्याही केमिस्ट्री विभागात कोपऱ्यात असते. धुतलेल्या काचा ५०० अंश सेल्सिअसला एक तास ठेवल्या की सेंद्रिय घाण जळून जाते. भट्टी आपोआप थंड होऊ द्या, दार लगेच उघडलंत तर काचा तडकतात. जिवाणूंच्या कामासाठी हे पुरेसं आहे. पुस्तकात सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण सांगितलेलं असतं, त्याच्या वाटेला नवख्यांनी जाऊ नये. ॲसिटोनचा थेंब त्यात पडला तरी स्फोट होऊ शकतो.

काचांवर मार्करने खुणा करू नका, शाई विरघळून सगळीकडे पसरते. खूण पाहिजे तर हिरकणीच्या लेखणीने कोपऱ्यात ओरखडा. आणि प्रत्येक घाण्यातली एक काच रिकामी पाहायची, नेहमी. पूर्ण दृश्यक्षेत्रात हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच ठिपके दिसले तर ती खेप चांगली.

तिसरी पायरी : माध्यमातला काळोख

जिवाणू वाढवायला सगळे एलबी वापरतात. पिवळसर, यीस्टचा अर्क असलेलं एलबी लेझरखाली स्वतःच उजळतं. मायक्रोस्कोपसाठीचा जिवाणू एम-९ या साध्या क्षारांच्या माध्यमात, ०.२ टक्के ग्लुकोज घालून वाढवा. वाढ सावकाश होते, होऊ द्या.

आदल्या संध्याकाळी प्लेटवरची एकच वसाहत उचलून एम-९ मध्ये रात्रभर ३७ अंशांवर हलवत ठेवा. सकाळी ताज्या एम-९ मध्ये पातळ करा आणि ६०० नॅनोमीटरची घनता ०.२ च्या आसपास येईपर्यंत वाढवा. एक मिलिलिटर घेऊन सेंट्रिफ्यूज करा, वरचं पाणी काढा आणि तळाची चिमूट २०-३० मायक्रोलिटर एम-९ मध्ये मोकळी करा.

जिवाणू हलता कामा नयेत, म्हणून अगारोजचा पापुद्रा. कमी चमकणारं अगारोज घ्या, एम-९ मध्ये एक टक्का विरघळवा आणि अर्धा मिलिलिटर दोन स्वच्छ काचांच्या मध्ये ओतून थापा. घट्ट झालं की वरची काच हलकेच सरकवून काढायची, त्यावर एक मायक्रोलिटर जिवाणू, थेंब सुकू द्यायचा, आणि वर भट्टीतून आलेली काच. थेंब नीट सुकला नाही तर जिवाणू पोहतात. फार सुकला तर पापुद्रा आक्रसतो, जिवाणू ताणाखाली येतात आणि भलतेच वागतात. पापुद्र्यावरची ओली चमक जाते आणि तो मंद, मळकट दिसायला लागतो, तोच क्षण काच ठेवायचा. पावसाळ्यात आपल्याकडे याला दहा मिनिटं लागतात, मार्चमध्ये दोन. पावणेएक तासाच्या आत चित्रण उरका, त्यानंतर हवा कमी पडायला लागते.

चौथी पायरी : पेशीआधी काचेवर सराव

पेशीत जायच्या आधी काचेवर डीएनएचा एक रेणू पाहून घ्या. बायोटिन लावलेलं बोव्हाइन अल्ब्युमिन, मिलिलिटरला १ मिलिग्रॅम, पाच मिनिटं. धुवा. न्यूट्राव्हिडिन (हे बायोटिनला घट्ट धरतं) ०.२ मिलिग्रॅम, पाच मिनिटं. धुवा. मग एका टोकाला बायोटिन आणि दुसऱ्या टोकाला सीवाय-३बी रंग असलेला डीएनएचा छोटा तुकडा, १० ते ५० पिकोमोलर, दोन-तीन मिनिटं. पुन्हा धुवा. मायक्रोमोलरवरून पिकोमोलरवर येताना दर वेळी शंभरपट असं तीनदा पातळ करावं लागतं, आणि इतक्या पातळ द्रावणातला डीएनए प्लॅस्टिकच्या नळीलाच चिकटतो. कमी चिकटणाऱ्या नळ्या वापरा आणि शेवटचं द्रावण त्याच तासात संपवा.

एकाच ठिपक्याचा उजेड वेळेनुसार आखला की खरी परीक्षा होते. एकच रेणू असेल तर उजेड सपाट चालतो आणि एका फटक्यात तळाला जातो. पायरी एकच, तिरका उतार नाही. दोन पायऱ्या दिसल्या तर तिथे दोन रेणू होते. हळूहळू उतरला तर तो घाणीचा किंवा अनेक रेणूंचा गोळा. ही एका फटक्यातली पायरी पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली की पुढचं सगळं सोसवतं. एका रेणूचा उजेड तुमच्या कॅमेऱ्यावर किती आकड्यांचा, हे इथेच नोंदवून ठेवा.

काचेवरच्या सरावात रंग टिकावा म्हणून ग्लुकोज ऑक्सिडेझ-कॅटॅलेझ घालून द्रावणातला ऑक्सिजन काढतात आणि लुकलुकणं कमी व्हावं म्हणून ट्रोलॉक्स घालतात. यात ग्लुकॉनिक आम्ल साठत जातं आणि द्रावण आंबट होतं, तासाभराने नवं घ्या. जिवंत पेशीवर यातलं काही घालायचं नाही.

पाचवी पायरी : मायक्रोस्कोप गाठणं

आय-स्टेम हे केंद्र सरकारचं पोर्टल देशभरातल्या संस्थांची उपकरणं इतरांना वापरायला मिळावीत यासाठी आहे. तिथे टर्फ मायक्रोस्कोप (काचेलगतचा पातळ थरच उजळणारा, त्याचं तंत्र पुढे येतंच) शोधा आणि वेळ मागायच्या आधी चार गोष्टी विचारून घ्या: ऑब्जेक्टिव्हचं न्यूमरिकल ॲपर्चर (भिंग किती तिरका उजेड घेऊ शकतं त्याचा आकडा) १.४५ किंवा १.४९ आहे का, ४०५ आणि ५६१ चे लेझर आहेत का, कॅमेरा ईएमसीसीडी किंवा चांगला एससीएमओएस (दोन्ही अगदी मंद उजेड टिपणारे) आहे का, आणि नमुन्यावर एका पिक्सेलची रुंदी किती पडते. सुमारे १०० नॅनोमीटर उत्तम. १६० पर्यंत चालते.

काच पकडायची चौकट मात्र मी कोल्हापुरातून नेते. तिकडची चौकट सैल होती, दहा मिनिटांत फोकस घसरायचा. मोजमापं घेऊन शिवाजी उद्यमनगरात एका मिस्त्रींकडे गेले. स्क्रूने काच दाबायची असं माझं चित्र होतं. त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. "मॅडम, काच हलता कामा नये म्हणताय न्हवं? मग स्क्रू नको. स्क्रूनं दाबली की काच वाकणार, आन् हळूहळू सरळ व्हायला बघणार. पातळ स्प्रिंगची पट्टी घालूया." फोकस का घसरत होता ते त्या वाक्यात होतं. ॲल्युमिनियमची चौकट, दोन बाजूंना स्प्रिंगच्या पट्ट्या, आणि उजेड परतून येऊ नये म्हणून वर काळं ॲनोडाइझिंग. पंपांचे आणि इंजिनांचे भाग घडवणारं हे गाव आहे, शास्त्राच्या मुलांनी या कसबी हातांकडे जायला लाजू नये.

प्रवासाला जिवाणू अगारमध्ये टोचून न्या, झाकण घट्ट लावलं की साध्या तापमानालाही आठवडेच्या आठवडे टिकतात. रंग आणि प्रथिनं बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थर्मासात. मूळ साठा दोन ठिकाणी ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुराने महामार्ग कित्येक दिवस बंद होता आणि वीजही जात होती. त्या आठवड्यात ज्यांचं सगळं एकाच फ्रीजरमध्ये होतं, त्यांची घालमेल मी पाहिली आहे.

सहावी पायरी : कोन

अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवाला मावळतीचा किरण महाद्वाराकडून आत येतो आणि दिवसागणिक चरणांकडून मुखाकडे चढतो. सूर्याच्या कोनात दिवसाला जो बारीकसा फरक पडतो, त्यावर किरण कुठे पोचणार हे ठरतं. मायक्रोस्कोपमध्ये लेझरचा कोन लावताना मला दर वेळी गाभाऱ्यापुढची ती गर्दी आठवते.

काचेतून पाण्याकडे जाणारा लेझर सुमारे ६१ अंशांपेक्षा जास्त तिरका केला की तो पाण्यात शिरतच नाही, काचेतच परत फिरतो. पेशी पाण्यापेक्षा दाट, तिथे हा कोन ६५ अंशांच्या आसपास येतो. पण परत फिरताना काचेच्या लगत शे-दोनशे नॅनोमीटरपर्यंत थोडासा उजेड झिरपतो आणि तेवढाच थर उजळतो. हा टर्फ. पेशीच्या आवरणातली प्रथिनं पाहायला तो अप्रतिम. पण आपलं डीएनए पेशीच्या पोटात आहे, म्हणून कोन त्या हद्दीच्या किंचित आत ठेवायचा. लेझर मग पेशीतून एखाद्या तिरक्या पातळ पट्टीसारखा जातो, अगदी कवडशासारखा. या पद्धतीला हायलो म्हणतात. कोन हळूहळू वाढवत न्या, पार्श्वभूमी काळी पडत जाते आणि ठिपके उठून दिसतात. मग एकाएकी सगळंच मंदावतं. तिथून थोडं मागे या आणि थांबा.

लेझर चालू असताना नमुन्याच्या पातळीला डोळे नेऊ नका, आणि हातातल्या बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढून ठेवा. बांगडीवरून उडालेला किरण डोळ्यात जायला क्षणही लागत नाही.

एसी किमान दोन तास आधी लावा आणि त्याचा झोत मायक्रोस्कोपवर येऊ देऊ नका. खोलीचं तापमान हललं की धातू हलतो, काच आणि ऑब्जेक्टिव्हच्या मधल्या तेलाचा अपवर्तनांक बदलतो आणि कोनही सरकतो. स्वतःचं ऑब्जेक्टिव्ह असेल तर आपल्या पावसाळ्यात ते सिलिका जेलच्या बंद पेटीत ठेवा. बुरशीने भिंगाचा घास घेतला की कित्येक लाख गेले.

सातवी पायरी : चित्रण

क्रम महत्त्वाचा. सर्वांत आधी रिकामी काच. मग फ्लुओरेसंट प्रथिन न जोडलेला मूळ जिवाणू, म्हणजे पेशीचा स्वतःचा उजेड कळतो. मग फॉर्मल्डिहाइडने स्थिर केलेला, म्हणजे मारून आतले रेणू जागीच जखडलेला, जोडणीचा जिवाणू, आणि शेवटी जिवंत. दिवस हातातून निसटला तर जिवंत नमुने उद्याही घेता येतात. आधीचे तीन नसतील तर जिवंतचे आकडे कुणीही मान्य करणार नाही, आणि करूही नये.

एक चित्र १५ मिलिसेकंदांचं, अशी १०,००० चित्रं, म्हणजे अडीच मिनिटांचा चित्रपट. आधी साध्या उजेडात पेशींची बाह्यरेषा टिपा. ५६१ चालू करून आधीच जागे असलेले रेणू विझवा, मग ४०५ अगदी शून्यापासून वाढवत न्या. एका पेशीत एका वेळी एकापेक्षा जास्त ठिपके दिसायला लागले की मागे या. ४०५ चा लोभ धरू नका, जांभळा उजेड पेशीच्या डीएनएला स्वतःच इजा करतो आणि आपण तर दुरुस्तीच मोजतोय.

आठवी पायरी : आकडे

फिजी हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्यात ठिपक्यांचे मध्य काढायला थंडरस्टॉर्म आणि ठिपके जोडून माग काढायला ट्रॅकमेट. लागोपाठच्या दोन चित्रांत अर्ध्या मायक्रॉनपेक्षा जास्त अंतर असेल तर तो दुसरा रेणू समजा. किमान चार उड्या असलेलेच माग ठेवा.

प्रत्येक मागातल्या उड्यांच्या लांबीचे वर्ग घ्या, सरासरी काढा, आणि तिला दोन चित्रांमधल्या वेळेच्या चौपटीने भागा. हा त्या रेणूचा भटकण्याचा वेग, चौरस मायक्रॉन प्रतिसेकंदात. इथे एक सापळा आहे. समजा ठिपक्याच्या मध्यात ४० नॅनोमीटरची चूक आहे. तिचा वर्ग ०.००१६ चौरस मायक्रॉन, त्याची चौपट ०.००६४. १५ मिलिसेकंदांची चौपट ०.०६. भागाकार ०.१ च्या थोडा वर. म्हणजे डीएनएला घट्ट धरून बसलेला, तसूभरही न हललेला रेणू तुमच्या आलेखात ०.१ च्या वेगाने फिरताना दिसणार. स्थिर केलेल्या पेशी त्यासाठीच हव्यात: त्यांचा आलेख जिथे शिगेला पोचतो, तो तुमचा खरा शून्य. त्याच्या आसपासचे रेणू डीएनएला धरलेले, उजवीकडे पसरलेले मोकळे. इजा करणारं रसायन दिल्यावर धरलेल्यांचा ढीग वाढला तर दुरुस्ती दिसली.

किती वेळ धरून राहतं, यासाठी चित्रणाची रीत बदलते. एकेक चित्र अर्ध्या सेकंदाचं घ्या, लेझर मंद ठेवा. फिरणारे रेणू पुसट होऊन पार्श्वभूमीत विरून जातात, थांबलेलेच ठिपके म्हणून उरतात. पण ठिपका नाहीसा होण्याची कारणं दोन असतात, रेणू सुटला किंवा विझला. समजा जिवंत पेशीत ठिपके सरासरी १.५ सेकंद टिकले, आणि त्याच लेझरखाली स्थिर पेशीत, जिथे सुटायचा प्रश्नच नाही, ६ सेकंद. दोन्हींचे व्यस्त घ्या: ०.६७ आणि ०.१७. वजाबाकी ०.५. त्याचा व्यस्त २ सेकंद. हा तुमच्या रेणूचा खरा मुक्काम. स्थिर पेशीतला आकडा जिवंत पेशीतल्याच्या दुपटीहून कमी आला तर लेझर आणखी मंद करा आणि पुन्हा घ्या, कारण तेव्हा तुम्ही मुख्यतः विझणंच मोजताय.

अशा एका फेरीत कित्येक गिगाबाइटच्या फायली जमतात. पुण्याहून निघायच्या आधी त्या दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा, एक बॅगेत आणि एक सोबत येणाऱ्याकडे. फायलीच्या नावात तारीख, जिवाणू, दोन्ही लेझरची ताकद आणि चित्राचा वेळ घाला. कोन वहीत लिहा, बटणावरचा आकडा जसाच्या तसा.